पेरण्याआधीचे शंभर दाणे

२०२० च्या जूनमध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या अनेक शेतांत एक विचित्र दृश्य होतं. पाऊस वेळेवर झाला होता, वाफसा चांगला होता, पेरणी उरकली होती. आठवडा उलटला तरी सोयाबीनचे तास दिसेनात. कुठे चार हातांवर एखादं रोप, कुठे अख्खा पट्टा मोकळा. माती उकरून पाहिली की बुळबुळीत, कुजका दाणा हाती यायचा. कृषी विभागाकडे हजारो तक्रारी गेल्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, आणि पुष्कळ घरांवर दुबार पेरणीची वेळ आली.

बिघाडाचं मूळ आदल्या हंगामात होतं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या आणि अवकाळी पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन झोडपलं होतं. कापून टाकलेल्या ढिगांनाच मोड आले होते. त्या पिकातून निवडलेलं बी वरून पिवळंधमक दिसत असलं, तरी त्यातल्या कित्येक दाण्यांतला जीव पेरणीपर्यंत टिकला नाही. तो टिकला आहे का, हे पाहायला लागतं एक ओलं गोणपाट, शंभर दाणे आणि आठवडाभराचा धीर. पुढच्या खरिपाच्या आधी कृषी सहायक गावोगाव नेमकं हेच करून दाखवू लागले. काम नवं मुळीच नव्हतं. ते एकेकाळी घरचंच होतं. मधल्या काळात प्रयोगशाळेत गेलं आणि आता पुन्हा घरी आलं आहे. हा प्रवास कसा झाला, ते पाहण्यासारखं आहे.

बियाण्याची काळजी हा शेतीइतकाच जुना विषय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी शेतीच्या प्रमुखाला, सीताध्यक्षाला, बी कसं तयार करावं याच्या सूचना आहेत: धान्याचं बी काही रात्री दवात ठेवावं आणि दिवसा उन्हात वाळवावं, उसाच्या कांड्यांच्या कापलेल्या टोकांना मध, तूप, चरबी आणि शेण लावावं. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथात बी माघ-फाल्गुनात गोळा करावं, उन्हात नीट वाळवावं, असं सांगितलं आहे. ग्रंथ लिहिणाऱ्यांना हे सुचलं ते शेतकऱ्यांकडे पाहूनच.

महाराष्ट्रात घरच्या बियाण्याची निवड उभ्या पिकातच सुरू व्हायची. ज्वारी पिकली की भरदार, टपोऱ्या दाण्यांची कणसं हेरून वेगळी काढायची, त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि चुलीच्या वर आढ्याला टांगायच्या. धुरामुळे कीड लागत नसे आणि उबेमुळे दाणा कोरडा राहत असे. खाण्याचं धान्य कणगीत किंवा पेवात जायचं, बियाण्याचं वेगळं राहायचं. कडधान्यात राख मिसळायची, मडक्यात कडुनिंबाचा पाला घालून तोंड लिंपायचं. ही सगळी कामं बहुतेक बायकांच्या हातची. घरात टंचाई आली तरी बियाण्याच्या मडक्याला हात लावायचा नाही, हा नेम कडक होता, कारण बी संपलं की सावकाराच्या दारात जावं लागे आणि तिथे सवाई-दिढीचा हिशेब असे: पेरणीला एक पायली उचलली तर सुगीला सव्वा किंवा दीड पायली परत.

जपलेल्या बियात जीव आहे का, याची चाचणी काही ठिकाणी पेरणीच्या रीतीतच होती. कोकणातल्या भातशेतीची ‘रहू’ पद्धत पाहावी. त्यात भात एक दिवस पाण्यात भिजवतात, मग पाणी निथळून टोपलीत किंवा पोत्यात घालतात, वरून पेंढा आणि वजन ठेवून दाबून टाकतात. आत ऊब तयार होते आणि दाण्यांना पांढरे मोड फुटतात. हे मोडाचं भात चिखलणी केलेल्या खाचरात फोकून पेरतात. गोव्यातल्या खाजन जमिनीत, खाऱ्या पाण्याला तोंड देणाऱ्या कोरगुट भातासाठीही मोड आणलेलं बी फोकण्याची रीत आहे. टोपलीवरचा पेंढा बाजूला केला की पहिल्याच नजरेत कळतं, किती दाण्यांना मोड आला आणि किती तसेच पडून आहेत. इथे पेरणी आणि पारख वेगळी राहतच नाही. बी कमी उगवलं, तर ते खाचरात पडण्याआधी शेतकऱ्याला ठाऊक असतं.

देशावर नवरात्रातला घट आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला पत्रावळीवर किंवा टोपलीत शेतातली काळी माती पसरतात, त्यात ज्वारी, गहू, हरभरा, जवस असं धान्य पेरतात आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवतात. कच्च्या मडक्यातून पाणी हळूहळू झिरपतं, त्यामुळे नऊ दिवस मातीची ओल हटत नाही आणि चिखलही होत नाही. देवघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात रोपं पिवळसर, लांबट वाढतात. दसऱ्याला ती उपटून देवाला वाहतात, टोपीत किंवा कानामागे खोवतात.

घटस्थापना ही देवीची उपासना आहे, तिचा भाव शक्तीचा आहे. पण ती येते कधी? सोलापूर, नगर, बीड, धाराशिव या पट्ट्यात रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. नेमक्या त्या दिवसांत घराघरांत त्याच शेताच्या मातीत, घरातलंच धान्य टाकून त्याची उगवण रोज डोळ्यांसमोर वाढत असते. घट दाट उगवला की घरातली म्हातारी माणसं समाधान मानतात, विरळ आला की भुवया उंचावतात. शेती जाणणाऱ्या अनेकांनी यात बीजपरीक्षा पाहिली आहे ती याचमुळे. नऊ दिवस, स्थिर ओल, सावली: प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या अटीही याहून फार निराळ्या नाहीत.

या पारखीला आकड्यांची शिस्त लागली ती मात्र युरोपात, आणि तिच्यामागे फसवणूक होती. एकोणिसाव्या शतकात तिथे बियाण्यांचा व्यापार मोठा झाला. शेतकरी दूरच्या व्यापाऱ्याकडून गवताचं, सलगमाचं, कोबीवर्गीय पिकांचं बी विकत घेऊ लागला. इंग्लंडमधले काही व्यापारी स्वस्तातलं तत्सम बी भाजून मारून टाकत आणि चांगल्या बियात मिसळत. मेलेलं बी उगवत नाही, म्हणून भेसळ शेतात उघडी पडत नाही. शेतकऱ्याला फक्त उगवण कमी दिसते, आणि त्याचा दोष तो पावसाला किंवा जमिनीला देतो. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या समितीनं हा प्रकार चव्हाट्यावर आणल्यावर १८६९ मध्ये ब्रिटिश संसदेनं बियाण्यातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला. बी मारणं आणि रंगवणं हा त्यात गुन्हा ठरला.

त्याच वर्षी जर्मनीत, सॅक्सनीमधल्या थारांट या छोट्या गावी फ्रीडरिख नोबे या वनस्पतिशास्त्रज्ञानं जगातलं पहिलं बीजपरीक्षण केंद्र सुरू केलं. बाजारात मिळणाऱ्या बियाण्यांचे नमुने तपासताना नोबेला कचरा, तणाचं बी, भलत्याच जातीचे दाणे आणि निर्जीव बी यांची खिचडी आढळली होती. त्यानं तपासणीला पद्धत दिली: नमुना कसा घ्यायचा, शुद्ध दाणे किती ते कसं काढायचं, किती दाणे किती उष्णतेत किती दिवस ठेवायचे आणि कोणतं रोप धरायचं. १८७६ मध्ये त्यानं बीजशास्त्रावर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. थारांटचं पाहून युरोपभर अशी केंद्रं उघडली. एका देशातल्या केंद्राचा आकडा दुसऱ्या देशाच्या केंद्रानं मानावा, यासाठी १९२४ मध्ये केंब्रिज इथे आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघटना स्थापन झाली. तिचे नियम आजही जगभरच्या प्रयोगशाळा पाळतात.

घरच्या चाचणीला मात्र खरी चळवळ मिळाली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. मका हे तिथलं मुख्य पीक, आणि शेतकरी घरचीच कणसं बियाण्यासाठी ठेवत. प्राध्यापक पेरी होल्डन यांनी आगगाडीचे डबे व्याख्यानासाठी सजवले आणि १९०४ च्या वसंतात, पेरणीच्या तोंडावर, ही गाडी स्टेशनामागून स्टेशन घेत राज्यभर फिरली. प्रत्येक थांब्यावर शेतकरी डब्यात चढत, होल्डन किंवा त्यांचे सहकारी थोडक्यात बोलत, आणि गाडी पुढे निघे. लोकांनी या गाड्यांना बियाण्याच्या धर्मोपदेशाच्या गाड्या असंच नाव दिलं.

उपदेश साधा होता. प्रत्येक कणसाच्या वेगवेगळ्या भागांतून सहा दाणे काढा. लाकडी पेटीत ओला भुसा भरा, त्यावर चौकोन आखलेलं कापड अंथरा, प्रत्येक चौकोनाला आणि कणसाला एकच क्रमांक द्या, दाणे मांडून वरून ओलं कापड घाला. आठवड्यानं उघडा. ज्या चौकोनातले दाणे उगवले नाहीत ते कणीस बाद. एका कणसात आठशे-हजार दाणे असतात, म्हणजे एक मेलेलं कणीस बियाण्यात राहिलं तर शेतात तेवढ्या जागा रिकाम्या. ज्यांना पेटी नको त्यांच्यासाठी कापडाची लांब पट्टी होती: चौकोन आखून दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, बांधून ओली ठेवायची. आपल्याकडची ओल्या गोणपाटाची गुंडाळी हिचीच बहीण म्हणावी.

भारतात चाचणी घराबाहेर पडली ती १९६० च्या दशकात. १९६१ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पहिली मध्यवर्ती बीजपरीक्षण प्रयोगशाळा उभी राहिली. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम आलं. १९६४ मध्ये ज्वारीचं सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं आणि महाराष्ट्राच्या शेतकऱ्याचं बियाण्याशी असलेलं नातंच पालटलं. संकरित वाणाचं बी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर तसं पीक येत नाही, ते दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. आढ्याला टांगलेल्या कणसांचं काम तिथे संपलं. विकतच्या बियाची हमी कोणीतरी द्यायला हवी होती, म्हणून १९६६ चा बियाणे कायदा झाला. अकोल्याला १९७६ मध्ये महाबीज स्थापन झालं, आणि राज्याच्या कृषी विभागाच्या प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि परभणी इथे नमुने तपासू लागल्या.

कायद्यानं प्रत्येक पिकाला किमान उगवणक्षमता ठरवून दिली. गहू आणि हरभऱ्याला ८५ टक्के, भाताला ८०, ज्वारी, बाजरी आणि तुरीला ७५, सोयाबीन आणि भुईमुगाला ७०. पिशवीला टॅग आला, प्रमाणित बियाण्याचा निळा, पायाभूत बियाण्याचा पांढरा. पूर्वी दाणा दाताखाली धरून आणि तळहातावर उलटासुलटा करून पाहणारा शेतकरी आता टॅग पाहू लागला. टॅगमुळे त्याचा फायदाच झाला, त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण घरची पारख मात्र दोन पिढ्यांत मागे पडली.

ती परत आणली सोयाबीननं. हे पीक मुळात आपलं नव्हे. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं त्याचे प्रयोग केले. जबलपूरचं जेएस-३३५ हे वाण १९९४ मध्ये आल्यावर ते विदर्भ-मराठवाड्यात झपाट्यानं पसरलं, आणि आज राज्यात चाळीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र सोयाबीनखाली असतं. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, त्यामुळे सरळ वाणाचं घरचं बी दोन-तीन वर्षं निर्धास्त वापरता येतं. इतक्या मोठ्या क्षेत्राला हेक्टरी ७५ किलोप्रमाणे सगळं बी बाजारातून पुरवणं अवघडच, म्हणून कृषी विभागही घरच्या बियाण्याचा आग्रह धरतो.

अडचण एवढीच, की हा दाणा फार नाजूक आहे. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं, आणि तेलकट बियांचं आयुष्य कमी. शिवाय त्याचं टरफल पातळ, आणि अंकुराचं मूळ त्या टरफलाच्या अगदी खाली, दाण्याच्या कडेला असतं. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोतं ट्रॅक्टरवरून आदळलं, थप्पी उंच रचली की वरून न दिसणारी इजा नेमकी त्या मुळाला होते. बियाण्यासाठी मळणी करताना यंत्राच्या फेऱ्या मिनिटाला ४०० ते ५०० च्या पुढे जाऊ देऊ नयेत, पाचाहून अधिक पोती एकावर एक रचू नयेत, ही शिफारस त्यासाठीच आहे. ओलावाही तितकाच घातक. जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाचा ठोकताळा असा, की बियातला ओलावा एका टक्क्यानं कमी झाला की त्याचं साठवणीतलं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. सोयाबीन १२ टक्क्यांखाली वाळवून ठेवायला सांगतात ते उगाच नव्हे.

आता गोणपाटाकडे. पहिली खबरदारी दाणे काढतानाच घ्यायची: प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी घ्यायचं, ते एकत्र करायचं आणि डोळे मिटून मोजल्यासारखे, निवड न करता शंभर दाणे काढायचे. टपोरे वेचले की चाचणी तिथेच खोटी झाली. तरट स्वच्छ धुऊन, भिजवून, पिळून घ्यायचं. अंथरून त्यावर दोन-दोन सेंटिमीटरवर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या. वर दुसरं ओलं तरट, मग सैल गुंडाळी, दोन्ही टोकांना सुतळी, आणि सावलीत ठेवायचं. रोज पाणी शिंपडायचं, पण ठिबकू द्यायचं नाही. बी आधी पाण्यात भिजत घालायचं नाही, कारण कोरडं सोयाबीन एकदम पाणी पितं तेव्हा त्याच्या आतल्या पेशी फाटतात आणि चांगला दाणाही वाया जातो.

पाच ते सात दिवसांनी गुंडाळी उलगडली की दाण्यांची जातवारी दिसते. काहींचं मूळ लांब, पांढरं, बारीक केसाळ असतं, दोन्ही डाळी धड आणि मधून कोंब वर निघालेला. ही खरी रोपं. काहींचं मूळ आखूड आणि टोकाला तपकिरी, काहींची एक डाळ तुटलेली, काही फुगून बुळबुळीत झालेले आणि आंबूस वास मारणारे, काहींवर बुरशीची पांढरी लव. घरच्या चाचणीत सर्वांत जास्त चूक इथेच होते. मोड दिसला की मोजला, असं केलं तर आकडा फुगतो. प्रयोगशाळा केवळ धडधाकट रोपं धरते, विकृत रोपं वेगळी मोजते आणि उगवणीत घेत नाही, कारण वाकडं किंवा अर्धवट मूळ असलेलं रोप शेतातल्या मातीचा थर फोडून वर येत नाही.

दुसरी चूक एकाच शंभरावर थांबण्याची. बियाण्याची खरी उगवण ७० टक्के असली, तरी केवळ योगायोगानं एका शंभरात ६२ आणि दुसऱ्यात ७८ दाणे उगवू शकतात. म्हणून प्रयोगशाळा शंभराचे चार गट, म्हणजे ४०० दाणे तपासते. घरीही तीन-चार गुंडाळ्या करून सरासरी काढली, तर निकालावर विसंबता येतं. ज्यांच्याकडे तरट नाही त्यांच्यासाठी वर्तमानपत्राच्या चार घड्यांची गुंडाळी आहे: एकेका ओल्या कागदात दहा दाणे, अशा दहा गुंडाळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मग हिशेब. सरासरी ७० किंवा त्याहून जास्त आली, तर एकरी ३० किलो बी पुरे. त्याखाली प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो बी वाढवायचं: ६९ ला साडेतीस, ६५ ला साडेबत्तीस, ६० ला ३५ किलो. साठाच्या खाली गेलं, की ते बी पेरणीचं राहत नाही, बाजारात विकायचं. हा तक्ता शेतकऱ्याला चाचणीचा अर्थ थेट पोत्यात मोजून देतो, म्हणून तो लगेच पटतो.

कोकणात भाताच्या बियाण्यासाठी मिठाच्या पाण्याची रीत सांगितली जाते: दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओतायचं, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, तळाचे धुऊन वाळवायचे. जपानमध्ये योकोई तोकियोशी यांनी १८८२ मध्ये भाताच्या बियाण्यासाठी अशीच खाऱ्या पाण्याची निवड मांडली होती. ही पद्धत दाण्याचं वजन सांगते, जीव सांगत नाही. जड दाणाही मेलेला असू शकतो. त्यामुळे मीठपाण्यानंतरही शंभर दाण्यांची परीक्षा लागतेच.

चाचणीची वेळ महत्त्वाची. एप्रिल-मे महिन्यात केली तर बी कमी पडल्यास शेजाऱ्याकडून चांगलं बी मिळवायला किंवा बाजारातून घ्यायला हाताशी दिवस असतात. साठवण ओलसर असेल तर पेरणीच्या दहा-बारा दिवस आधी पुन्हा एकदा पाहावं. नंतरही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये, कारण गोणपाटावर उगवलेला दाणा खोल मातीत दबला तर वर येत नाही.

विकतच्या बियाण्यालाही ही परीक्षा लावता येते आणि लावावी. पिशवी वरून न फाडता खालच्या बाजूनं उघडावी, म्हणजे टॅग आणि शिवण शाबूत राहते. पावती, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावं. शेतात उगवण कमी झाली, तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे अर्ज करून पंचनामा करून घेताना हाच पुरावा लागतो. पण पंचनामा होतो तेव्हा मृगाचे दिवस हातचे गेलेले असतात आणि बैल, ट्रॅक्टर, खत, मजुरी यांचा पैसा जमिनीत गेलेला असतो. गोणपाटाची गुंडाळी तोच निकाल मे महिन्यातच देते, पेरणी करायची की बी बदलायचं हे ठरवायला वेळ असताना.